एक बाटली, एक मायक्रोग्रॅम कीटकनाशक, एक मिलिग्रॅम प्लास्टिक

प्लास्टिकच्या कणांवर कीटकनाशकाची तीव्रता भोवतालच्या पाण्यापेक्षा दहा हजार पट असते, हे पहिले विधान. बाटलीतल्या एकूण कीटकनाशकापैकी जेमतेम एक टक्का त्या कणांवर गेले, हे दुसरे. पहिले वाचले की हातातला पेला खाली ठेवावासा वाटतो, दुसरे वाचले की जीव भांड्यात पडतो. ही दोन्ही विधाने एकाच बाटलीबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात. मायक्रोप्लास्टिक आणि कीटकनाशके यांच्याविषयी जे काही छापून येते, त्यातला बराच गोंधळ यांपैकी एकच विधान उचलल्यामुळे होतो. म्हणून ती एक बाटलीच प्रकरण म्हणून घेऊ आणि शेवटपर्यंत तिचा पिच्छा पुरवू.

हे प्रकरण कागदावर मांडलेले आहे, एखाद्या प्रयोगाचा अहवाल नाही. रसायनांचे गुणधर्म खरे आहेत, वाटणीचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत, आणि बाकी सगळे अंकगणित आहे. वाचता वाचता कोणालाही ते पडताळून पाहता येईल.

बाटलीत काय आहे

काचेची घट्ट झाकणाची बाटली. आत १ लिटर स्वच्छ पाणी, १ मायक्रोग्रॅम क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक आणि १ मिलिग्रॅम पॉलिएथिलीन या प्लास्टिकची भुकटी. प्रत्येक कण गोल आणि १०० मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, त्या मापाने हे कण मधल्या आकाराचे झाले. एका कणाचे वजन अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे १ मिलिग्रॅममध्ये सुमारे दोन हजार कण. पिण्याच्या पाण्यासाठी हे प्रमाण खूपच जास्त आहे. मुद्दाम जास्त घेतले आहे, कारण प्लास्टिकची बाजू कमकुवत धरून हिशेब केला असा आक्षेप यायला नको.

क्लोरपायरिफॉस निवडण्याचे कारण त्याचा स्वभाव. ते पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला साधारण १ मिलिग्रॅम एवढेच. तेलकट पदार्थांत मात्र सहज शिरते. ऑक्टेनॉल हा तेलासारखा द्रव आणि पाणी एकत्र ठेवले तर पाण्यापेक्षा ऑक्टेनॉलमध्ये त्याची तीव्रता पन्नास हजार ते एक लाख पट होते. पाण्याशी न पटणाऱ्या अशा रेणूला प्लास्टिक हे आसऱ्याचे ठिकाण वाटते. दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २०२५ मध्ये आले.

पॉलिएथिलीन आणि पाणी यांच्यातला त्याचा वाटणीचा गुणांक आपण १०,००० धरू. अर्थ असा की समतोल झाल्यावर १ किलो प्लास्टिकमध्ये १ लिटर पाण्याच्या दहा हजार पट क्लोरपायरिफॉस असेल. पण बाटलीत प्लास्टिक किलोभर नाही, किलोचा दहा लाखावा भाग आहे. दहा हजाराला दहा लाखांनी भागले की ०.०१ येते. पाण्यात १०० भाग असतील तर प्लास्टिकमध्ये १ भाग. म्हणजे पाण्यात ०.९९ मायक्रोग्रॅम उरले आणि कणांत ०.०१ गेले.

तीव्रता दहा हजार पट, वाटा एक टक्का. विरोधाभास कुठेच नाही. तीव्रता सांगते की कण किती हावरा आहे. वाटा सांगतो की त्याचे पोट केवढे आहे.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी, कारण ती वारंवार निसटते. ही बाटली कोणी पूर्ण प्यायले तर त्याच्या पोटात १ मायक्रोग्रॅम कीटकनाशक जाणार, प्लास्टिक असो वा नसो. बंद बाटलीतले प्लास्टिक कीटकनाशकाची जागा बदलते, मात्रा वाढवत नाही.

कण ते धरतो कसे

पॉलिएथिलीनच्या साखळ्या नेहमीच्या तापमानाला रबरासारख्या लवचीक असतात. त्यांचा काही भाग स्फटिकासारखा घट्ट रचलेला असतो, उरलेला अस्ताव्यस्त. त्या अस्ताव्यस्त भागात रेणू शिरतो आणि आत विरघळतो. ही पृष्ठभागावरची चिकटाचिकटी नाही, कणाच्या पोटातले शोषण आहे. बाटल्यांचे पीईटी आणि पॉलिस्टायरीन हे याउलट काचेसारखे ताठ असतात, त्यांत आत शिरणे फार संथ. तिथे बहुतेक व्यवहार पृष्ठभागावर होतो, त्याला अधिशोषण म्हणतात. पॉलिस्टायरीनच्या साखळीवर बेन्झिनची कडी असल्याने ज्या कीटकनाशकांत तशीच कडी असते त्यांना तिथे जास्त धरून ठेवले जाते.

प्लास्टिक जुने झाले की हे चित्र बदलते. उन्हातल्या अतिनील किरणांनी पृष्ठभागाला भेगा पडतात आणि त्यावर ऑक्सिजन असलेले गट तयार होतात. क्षेत्रफळ वाढते, पण पृष्ठभागाला पाणीही पूर्वीपेक्षा आवडू लागते. त्यामुळे पाण्यात सहज विरघळणाऱ्या रसायनांची पकड वाढू शकते आणि तेलकट रसायनांची घटूही शकते. "जुने प्लास्टिक जास्त शोषते" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणते प्लास्टिक आणि कोणते रसायन, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

वेळेचा नियम मात्र सरळ आहे. आत शिरण्याचा वेळ कणाच्या त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आपल्या १०० मायक्रोमीटरच्या कणाला समतोलाला काही तास लागले, तर १ मिलिमीटरच्या मण्याला त्याच्या शंभरपट, म्हणजे काही आठवडे लागतील. बाहेर पडतानाही हाच नियम लागू होतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

रसायन बदलले तर

बाटली तीच, पाणी तेच, भुकटी तीच. फक्त क्लोरपायरिफॉसच्या जागी डीडीटी टाका. त्याचा गुणांक दहा लाखांच्या घरात धरला तर हिशेब एकास एक येतो, म्हणजे अर्धे डीडीटी प्लास्टिकमध्ये. इथे एक मिलिग्रॅम प्लास्टिकने एक लिटर पाण्याची बरोबरी केली! प्लास्टिक विष वाहून नेते ही चर्चा मुळात याच पिढीतल्या रसायनांवरून सुरू झाली. २००१ मध्ये हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने जपानच्या किनाऱ्यावरील पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे मणी तपासले, तेव्हा पीसीबी ही औद्योगिक रसायने आणि डीडीटीपासून होणारे डीडीई यांची त्या मण्यांवरची तीव्रता भोवतालच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा एक लाख ते दहा लाख पटींपर्यंत निघाली होती.

आता अॅट्रॅझिन हे तणनाशक घ्या. त्याचा गुणांक शंभरच्या आसपास धरला तर प्लास्टिकचा वाटा दहा हजारांत एक. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या वर विरघळते, ग्लायफोसेट हे तणनाशक तर त्याहून कितीतरी जास्त. ही दोन्ही पॉलिएथिलीनकडे जवळजवळ ढुंकूनही पाहत नाहीत. डीडीटीबद्दलचा निष्कर्ष त्यांना चिकटवणे माझ्या मते साधी चूक नाही, दिशाभूल आहे. पाण्यात विरघळणाऱ्या कीटकनाशकांचा धोका पाण्यातच असतो, आणि तो तिथेच मोजला पाहिजे.

मोजणाऱ्याला काय दिसते

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या दृष्टीने हा आहे. बाटली प्रयोगशाळेत जाते. पाण्यात गाळ असेल तर तपासणीआधी ते गाळले जाते, बऱ्याचदा काचतंतूंच्या ०.७ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून. आपले सगळे कण गाळणीवर राहतात आणि त्यांच्यासोबत त्यांच्या पोटातले कीटकनाशकही. यंत्र ०.९९ दाखवते. एक टक्का फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही, आणि तो आला नाही तरी बिघडत नाही. पण तेच डीडीटी असते तर अहवालात निम्मा आकडा आला असता. गाळणीवरचा चोथा वेगळा तपासला नसेल तर "पाण्यात एवढे कीटकनाशक आहे" हे विधान खरे नसते. "गाळलेल्या पाण्यात एवढे आहे" असे म्हणावे लागते.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. प्लास्टिक किती शोषते हे दाखवणाऱ्या प्रयोगांत प्लास्टिकची मात्रा मोठी ठेवावी लागते, नाहीतर पाण्यातली घट मोजताच येत नाही. आपल्या बाटलीत १ ऐवजी १०० मिलिग्रॅम भुकटी टाकली तर गुणांक आणि प्लास्टिकचे किलोतले वजन यांचा गुणाकार १ येतो आणि अर्धे क्लोरपायरिफॉस नाहीसे होते. "मायक्रोप्लास्टिकने पन्नास टक्के कीटकनाशक शोषले" हा मथळा मग तयार होतो. प्रयोग चुकीचा नाही, त्याचा उद्देशच गुणांक काढणे हा असतो. पण टक्केवारी ही प्लास्टिकच्या मात्रेची देणगी आहे, रसायनाचा गुणधर्म नव्हे. शोषणाविषयीचा कोणताही लेख हाती आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: लिटरला किती मिलिग्रॅम प्लास्टिक घेतले होते?

आणि पाण्यातून कमी झालेले सगळे प्लास्टिकनेच घेतले असेही नाही. क्लोरपायरिफॉस काचेच्या भिंतीला थोडे चिकटते, झाकणाखालच्या हवेत थोडे उडते, आणि पाण्यात सावकाश तुटून ट्रायक्लोरोपिरिडिनॉल होते. पाणी अल्कधर्मी असेल तर हे तुटणे वेगाने होते. म्हणून शेजारी प्लास्टिक नसलेली एक कोरी बाटली ठेवावी लागते, आणि शेवटी प्लास्टिक धुऊन त्यातले कीटकनाशक बाहेर काढून जमाखर्च जुळवावा लागतो. फक्त पाण्यातली घट मोजून सगळे माप प्लास्टिकच्या पदरात टाकणे म्हणजे घरातले धान्य कमी झाले की उंदराचेच नाव घेण्यासारखे आहे.

बाटलीही साक्षीदार नसते, तीही आरोपींपैकीच एक असते. काचेऐवजी पॉलिएथिलीनची ५० ग्रॅम वजनाची बाटली घेतली असती तर? आपला गुणाकार ०.०१ वरून थेट ५०० वर जातो. पूर्ण समतोल होऊ दिला तर हजारातले दोनच भाग पाण्यात उरतील. जाड भिंतीत शिरायला वेळ लागतो म्हणून प्रत्यक्षात इतके होत नाही, पण काही दिवसांत आकडा फिरवायला तेवढे पुरेसे आहे. अशा कीटकनाशकांचे नमुने तपकिरी काचेच्या, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाच्या बाटलीत घेण्याचा नियम यातूनच आला.

गंमत अशी की प्रयोगशाळेचे हत्यार तेच आहे. लिटरभर पाण्यातून मायक्रोग्रॅमचा अंश गोळा करायचा असतो तेव्हा पाणी स्टायरीन-डायव्हिनाइलबेन्झिन या प्लास्टिकच्या मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडतात. मणी कीटकनाशक धरून ठेवतात, मग थोड्या द्रावकाने ते सोडवून घेतात. नदीत आठवडेच्या आठवडे टांगून ठेवायच्या नमुनापट्ट्या तर चक्क पॉलिएथिलीनच्या असतात. प्लास्टिक कीटकनाशक शोषते हे विश्लेषकांना पूर्वीपासून ठाऊक होते. नवे एवढेच की आता न बोलावलेले प्लास्टिकही नमुन्यात येऊन बसते.

पाण्याऐवजी पेय

बाटलीत पाण्याच्या जागी दूध ओता. लिटरला ३५ ग्रॅम मेद. मेदासाठी क्लोरपायरिफॉसचा गुणांक एक लाख धरला तर मेदाचा गुणाकार ३,५०० आणि प्लास्टिकचा ०.०१. मेदाने सगळे खेचून घेतले, पाण्याला चिमूटभर उरले, आणि प्लास्टिकच्या वाट्याला साडेतीन लाखांत एक भाग आला. एखादा भरलेला कण दुधात पडला तर तो रिकामा होईल. दुधातल्या कीटकनाशकाची चौकशी प्लास्टिकपासून सुरू करण्यात अर्थ नाही.

फळांच्या रसात निराळेच घडते. तिथे सामू (pH, आम्लतेचे माप) ३ च्या आसपास असतो. २,४-डी हे तणनाशक आम्लधर्मी आहे. साध्या पाण्यात, सामू ७ ला, त्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू विद्युतभारित असतो, आणि भारित रेणूला प्लास्टिक आवडत नाही. सामू ३ ला मात्र सुमारे चाळीस टक्के रेणू भारहीन होतात. रसायन तेच, प्लास्टिक तेच, पण पाण्यात ज्याला कणाने हातही लावला नसता त्याला आंबट रसात तो थोडेफार घेऊ लागतो. वाटा तरीही बारीकच राहतो. पाण्यात केलेले प्रयोग पेयांना सरसकट लावता येत नाहीत, एवढे मात्र यातून स्पष्ट होते. रसात गर आणि तंतूही असतात, तेही कीटकनाशक धरतात आणि वजनाने प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त असतात.

मद्यातले अल्कोहोल तेलकट रेणूंना द्रवातच रोखून धरते. सौम्य मद्यात हा परिणाम किरकोळ, चाळीस टक्के अल्कोहोल असलेल्यात ठळक. गरम चहात तर तापमानच वरचढ ठरते. रेणू लवकर आत शिरतात, तितक्याच लवकर बाहेर येतात. चहाच्या पानांवर इमिडाक्लोप्रिड असेल तर त्याचा मोठा भाग पेल्यात उतरतो, डीडीटीसारखे असेल तर बहुतेक पानातच राहते. ही वाटणीही त्याच तत्त्वाने होते, फक्त प्लास्टिकच्या जागी पान आले.

खऱ्या बाटलीतले आकडे

आपण १ मिलिग्रॅम धरले होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या शेरी मेसन यांच्या गटाने ११ नाममुद्रांच्या २५९ बाटल्या तपासल्या. लिटरला सरासरी ३२५ कण निघाले आणि त्यातले बहुतेक १०० मायक्रोमीटरपेक्षा लहान होते. ते सगळे २० मायक्रोमीटरचे धरले तर वजन सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते, आपल्या भुकटीच्या आठशेव्या भागाएवढे. क्लोरपायरिफॉसचा वाटा मग ऐंशी हजारांत एक.

२०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लेझरच्या मदतीने लिटरला सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण मोजले. त्यातले नव्वद टक्के नॅनोप्लास्टिक, म्हणजे एका मायक्रोमीटरपेक्षा लहान. आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण २०० नॅनोमीटरच्या एवढ्या कणांचे मिळून वजन एक नॅनोग्रॅमच्या आसपास येते, आणि सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ ०.०३ चौरस मिलिमीटर. लिटरच्या बाटलीच्या आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ त्याच्या वीस लाख पट असते. कीटकनाशक वाहून नेण्याचे काम एवढ्या प्लास्टिकला झेपणारे नाही. असे कण शरीरात कुठे पोहोचतात आणि तिथे काय करतात, हा प्रश्न अत्यंत गंभीर आहे, पण तो कणाचा प्रश्न आहे, त्यावरच्या कीटकनाशकाचा नव्हे. दोन्ही प्रश्नांची सरमिसळ केली की दोन्हींचे नुकसान होते.

दुसरी बाटली

इथपर्यंत प्लास्टिक आणि कीटकनाशक बाटलीतच भेटले. आता तेच कण आधी दुसरीकडे राहून आले असे समजू. शेतातल्या आच्छादनाच्या प्लास्टिक कागदाचे तुकडे, फवारणीचे पाणी साचलेल्या खड्ड्यात पडलेले. त्या पाण्यात लिटरला १०० मायक्रोग्रॅम क्लोरपायरिफॉस होते आणि कणांना समतोल साधायला पुरेसा वेळ मिळाला. १ मिलिग्रॅम प्लास्टिकने तिथे १ मायक्रोग्रॅम घेतले. मग हे कण वाहत येऊन आपल्या स्वच्छ पाण्याच्या बाटलीत पडले.

आता समतोल उलट दिशेने चालतो. शंभरातले नव्व्याण्णव भाग पाण्यात उतरतात आणि लिटरला जवळपास १ मायक्रोग्रॅम होते. युरोपीय संघाची पिण्याच्या पाण्यातल्या कोणत्याही एका कीटकनाशकासाठीची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे, त्याच्या दहा पट. जागतिक आरोग्य संघटनेचे क्लोरपायरिफॉससाठीचे मार्गदर्शक मूल्य ३० मायक्रोग्रॅम आहे, त्याच्या तिसाव्या भागाएवढे. पहिली मर्यादा खबरदारीची आहे, दुसरी विषाच्या मात्रेवरून काढलेली, म्हणून दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावीत. पहिल्या बाटलीत प्लास्टिकमुळे एक अंशही वाढ नव्हती, इथे सगळीच वाढ प्लास्टिकमुळे झाली. कणांची संख्या तीच. फरक फक्त त्यांच्या मागच्या मुक्कामाचा.

प्रत्यक्षात वाटेत कणाला नदी, तलाव, साठवण टाकी असे भरपूर स्वच्छ पाणी लागते, आणि लहान कण तिथेच काही तासांत रिकामा होतो. भरलेला राहतो तो मोठा तुकडा, कारण त्रिज्येच्या वर्गाचा नियम त्याला सावकाश सोडू देतो. पण मोठा तुकडा जलशुद्धीकरणाच्या गाळणीत अडकण्याची शक्यताही जास्त. या ओढाताणीमुळे शुद्ध केलेल्या पाण्यात भरलेले कण पोहोचणे अवघड आहे. शेताजवळच्या न गाळलेल्या विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यात ते इतके अवघड नाही.

आणि कण पोटात गेलाच तर? २०१४ मध्ये बकीर, रोलँड आणि थॉम्पसन यांनी दाखवले की पचनमार्गासारख्या द्रवात, शरीराच्या तापमानाला, प्लास्टिकवरची प्रदूषके समुद्राच्या पाण्यापेक्षा तीस पटींपर्यंत जलद सुटतात. पित्तातले क्षार साबणासारखे काम करतात. त्यामुळे भरलेल्या कणाचा हिशेब करताना "प्लास्टिकने धरून ठेवले म्हणजे शरीराला मिळाले नाही" असे मानता येत नाही. त्याने आणलेले सगळे शरीराला मिळाले असेच धरावे लागते.

दुसऱ्या बाटलीचा तपास करायचा तर कणांची मोजदाद पुरत नाही. गाळणीवरचे कण वेगळे काढून, स्वच्छ द्रावकात धुऊन, त्यांच्या पोटात काय आहे ते मोजावे लागते. त्याच वेळी गाळलेल्या पाण्यातली तीव्रताही मोजावी लागते. दोन आकड्यांचे गुणोत्तर दहा हजाराच्या आसपास आले तर कण आणि पाणी समतोलात आहेत, कण पाण्याकडूनच भरला. गुणोत्तर दहा हजाराच्या खूप वर गेले, तर कण अजून रिकामा होतो आहे. मग ज्या पाण्यात तो भरला ते पाणी उगमाच्या दिशेने शोधत जावे लागते.